हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरांवर पन्हाळगड उभा आहे. बाजीप्रभूंच्या स्मृतीने भारावलेले प्रवासी गडावर हिंडतात. परंतु तेथील एका समाधीपाशी फार थोड्यांची पावले थबकतात. ती समाधी आहे रामचंद्रपंत अमात्य यांची.

पंतांचे वडील निळो सोनदेव हे शिवछत्रपतींचे विश्वासू कारभारी. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांतील अमात्यपद पंतांना लाभले. राज्याच्या जमाखर्चावर देखरेख ठेवणे हे अमात्याचे काम.

इ. स. १६८९ हे साल महाराष्ट्रावर घोर संकट घेऊन आले. औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध करविला. रायगड पडला. येसूबाई व बाळ शाहू शत्रूच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. राजा परमुलखात, खजिना रिता, फौज विखुरलेली आणि दारात बलाढ्य शत्रू! अशा वेळी राज्य राखावे कोणी? महाराजांनी हा भार पंतांच्या खांद्यावर ठेवला. त्यांना 'हुकूमतपन्हा' हा किताब देऊन राजाचे बहुतेक सर्व अधिकार त्यांच्या हाती सोपविले.

पंतांनी विशाळगडावरून कारभार चालविला. त्यांनी विखुरलेली माणसे एकत्र केली, किल्ल्यांवर दाणागोटा पोहोचविला आणि गुणी माणसांना पुढे आणले. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी मोगली फौजांना सळो की पळो करून सोडले. परशुराम त्रिंबक यांनी इ. स. १६९२ मध्ये पन्हाळा परत जिंकून घेतला.

एक पेच मात्र फार बिकट होता. औरंगजेब मराठे सरदारांना वतनांचे आमिष दाखवून फोडीत होता. वतने देऊ नयेत, असे शिवछत्रपतींचे धोरण. पण वतनाची आशा न दाखवावी, तर माणसे शत्रूला मिळत. अखेर राज्य वाचविण्यासाठी मराठ्यांनाही वतने द्यावी लागली. या उपायातील धोका पंत पुरेपूर जाणून होते.

इ. स. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले. ताराराणींनी लढा पुढे चालविला. इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला. मराठ्यांचे राज्य बुडविण्याची त्याची मनीषा अपुरीच राहिली.

उतारवयात पंतांनी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरील ग्रंथ सिद्ध केला. किल्ले हे राज्याचे सार आहे, व्यापारी ही राज्याची शोभा आहे, असे त्यात सांगितले आहे. वतनदार लोक दुसऱ्याचे बळकावण्यास टपलेले असतात. त्यांना स्नेहाने व धाकाने मर्यादेत ठेवावे, असा इशाराही आहे. आरमारासाठी लाकूड हवे असले, तरी रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत. कारण ती झाडे तिने पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशी ताकीद त्यात आहे. आयुष्यभर युद्धाच्या धामधुमीत वावरलेल्या या पुरुषाला गरिबाच्या झाडाचा विसर पडला नाही.

इ. स. १७१६ मध्ये पन्हाळ्यावर पंतांनी देह ठेवला. राजा दूर असताना त्यांच्या हाती अवघ्या राज्याची सत्ता होती. तरी त्यांनी ती ठेव म्हणूनच सांभाळली. पन्हाळगडावर गेलात, तर त्या समाधीपुढे क्षणभर नतमस्तक व्हा.