मुशेटचे पोलाद, बेसेमरचे नाव

पोलादाच्या इतिहासात हेन्री बेसेमरचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते आणि रॉबर्ट मुशेटचे तळटिपेत. ही वाटणी न्यायाची झाली, असे म्हणवत नाही.

१८११ मध्ये इंग्लंडमधील कोलफर्ड येथे जन्मलेल्या मुशेटला धातुविद्या वडिलांकडूनच मिळाली. १८५६ मध्ये बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत चेल्टनहॅम येथे जाहीर केली. कारखानदारांनी परवान्यांसाठी गर्दी केली. परंतु त्यांच्या हाती आला तो ठिसूळ, भेगाळलेला माल. फुंकणीत कार्बन जळून जाई आणि प्राणवायू धातूत उरे. (फॉस्फरसचा दोष निराळा, त्याचा उपाय पुढे इतरांनी शोधला.) मुशेटने फुंकणीनंतर मँगॅनीजयुक्त बीड मिसळले. मँगॅनीजने प्राणवायू ओढून घेतला आणि बिडातील कार्बनने हवा तेवढा कठीणपणा परत दिला. डर्बी स्थानकात लोखंडी रूळ काही महिन्यांत झिजत. तेथे १८५७ मध्ये बसविलेला मुशेटचा पोलादी रूळ १८७३ पर्यंत टिकला.

एवढे होऊनही १८५९ मध्ये त्याचे पेटंट बुडाले. ते ज्यांच्या हवाली होते त्यांनी ५० पौंडांचे मुद्रांकशुल्क भरलेच नाही! रीत सर्वांना खुली झाली आणि बेसेमर गडगंज झाला. १८६६ मध्ये मुशेट आजारी व निर्धन असताना त्याची सोळा वर्षांची कन्या मेरी एकटीच लंडनला जाऊन बेसेमरपुढे उभी राहिली. कायदा बेसेमरच्या बाजूचा होता. तरीही त्याने मुशेटला वर्षाला ३०० पौंड देण्याचे मान्य केले. त्यात औदार्य किती आणि सावधगिरी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पोळलेल्या मुशेटने पुढचा शोध पेटंटाविना, गुप्त ठेवला. १८६८ मध्ये त्याने टंगस्टन मिसळून असे पोलाद केले, की पाणी न देता ते नुसत्या हवेत निवताना कठीण होई. लेथवरची हत्यारे त्यामुळे अधिक वेगाने व अधिक काळ कापू लागली. शेफील्डच्या सॅम्युएल ऑसबर्नने ते बाजारात आणले. मिश्रणाची द्रव्ये मात्र सांकेतिक नावांनी, आडवाटेने येत. गुप्ततेने धंदा राखला, पण त्या पोलादाचे शास्त्र पुढे नेण्याची वाट इतरांना बंद राहिली.

१८७६ मध्ये मुशेटला सुवर्णपदक मिळाले, तेही बेसेमरच्याच नावाचे. १८९१ मध्ये चेल्टनहॅम येथेच तो निवर्तला. त्यानंतर दशकाच्या आत अमेरिकेत बेथलेहेम येथे टेलर आणि व्हाइट यांनी टंगस्टन पोलाद जवळजवळ वितळेपर्यंत तापवून पाहिले. एवढ्या उष्णतेने मुशेटचे पोलाद नासते अशी समजूत होती. यांचे हत्यार मात्र लालभडक होऊनही धातू कापीत राहिले.