बोट सरळ कशी ठेवायची? बोटवाल्याच्या हाताचं गणित मांडणारे मिनॉर्स्की

बामणोलीहून वासोट्याला जाताना शिवसागरात बोटवाल्याचा हात कधी नीट बघितलाय? बोटीचं नाक एका बाजूला सरकलं की तो सुकाणू फिरवून तिला परत आणतो. पण बोट पूर्ण सरळ व्हायच्या आधीच हात उलटा फिरवतो. तसं केलं नाही तर बोट पलीकडच्या बाजूला जाते आणि मग पुढचा सगळा प्रवास नागमोडी. सांगलीत कृष्णेवर नाव हाकणाऱ्यालाही हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

हाताची हीच सवय गणितात मांडली निकोलस मिनॉर्स्की यांनी.

त्यांचा जन्म १८८५ चा, रशियात व्होल्गा नदीकाठच्या कोर्चेवा गावातला. हे गाव आज नकाशावर नाही. १९३७ मध्ये ते धरणाच्या पाण्यात गेलं. कोयनेत बुडालेल्या गावांच्या लोकांना यावर वेगळं काही सांगायला नको.

मिनॉर्स्की रशियन नौदलात शिकले आणि १९१८ मध्ये अमेरिकेत गेले. आपोआप सुकाणू वळवणारं यंत्र बनवायच्या खटपटीत तेव्हा बरेच जण होते. एल्मर स्पेरी हे त्यातलं मोठं नाव. मिनॉर्स्की यांनी मात्र आधी सुकाणू धरणारा माणूस नेमकं काय करतो, ते पाहिलं.

त्यांच्या लक्षात आलं की चांगला सुकाणूवाला एकाच वेळी तीन गोष्टी बघतो. बोट आत्ता वाटेवरून किती सरकली आहे? वारा किंवा प्रवाह तिला बराच वेळ एकाच बाजूला ढकलतोय का? आणि ती किती वेगानं वळते आहे? तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण हात वेळेत उलटा फिरवायचा अंदाज त्यातूनच येतो. हे गणित त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं. आज इंजिनिअरिंगची पोरं पीआयडी कंट्रोल म्हणून जे घोकतात, ते हेच.

मग अमेरिकेच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर चाचणी झाली. पहिल्या दोनच गोष्टी यंत्राला दिल्या, तेव्हा जहाज दोन अंशांपर्यंत इकडं-तिकडं डोलत राहिलं. तिसरी जोडली आणि चूक एक षष्ठांश अंशावर आली. बहुतेक माणसांनाही एवढं जमत नव्हतं.

तरी नौदलानं ते यंत्र घेतलं नाही. जहाजावरच्या लोकांचाच विरोध होता. ज्यांच्या हातांवरून हे गणित निघालं, त्यांनाच ते नकोसं झालं!

मिनॉर्स्की पुढं स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १९७० मध्ये वारले. त्यांचं गणित तोवर किनाऱ्यावर, कारखान्यांत पोहोचलं होतं. आज सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांत बॉयलरमधलं पाणी ठरल्या पातळीवर ठेवायलाही याच तत्त्वाचे कंट्रोलर वापरतात.

आणि बोटीवरच्या ऑटोपायलटमध्येही तेच आकडे असतात, फक्त नावं वेगळी. बोट सतत नागमोडी जात असेल तर रडर गेन कमी करायचा. ती वाटेवरून सरकत राहिली आणि यंत्र सुस्त वाटलं तर तो वाढवायचा. वळण घेतल्यावर बोट ठरल्या दिशेच्या पुढं जात असेल तर काउंटर रडर वाढवून बघायचा. एका वेळी एकच आकडा बदलायचा, तोही थोडाथोडा. समुद्र खवळलेला असेल तर यंत्राला जरा ढिलं सोडायचं. प्रत्येक लाटेमागं सुकाणू हलत राहिलं तर मोटर आणि बॅटरी दोन्ही दमतात.