वर्मी लागलेली गोळी : कॅप्टन जेम्स फोर्साइथ

हरणाची शिकार म्हटलं की आपल्या पिढीला कोर्ट आणि टीव्हीवरच्या बातम्याच आठवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, हे चांगलंच झालं. पण आज मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो पक्का शिकारी होता. आणि माझ्या मते तो पक्का डिझाइन इंजिनिअरसुद्धा होता.

पचमढीला सहलीला गेलेल्यांनी ‘बायसन लॉज’ पाहिलं असेल. ते बांधणारा कॅप्टन जेम्स फोर्साइथ. जन्म १८३८ चा. एम.ए. होऊन तो हिंदुस्थानात आला. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी आपलं नागपूर. तिथे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या हाताखाली फोर्साइथने आधी जंगल खात्यात काम केलं. पुढे तो निमाडचा सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर झाला. निमाड म्हणजे आपल्या खानदेश-मेळघाटचा शेजारच! १८६२ ते १८६४ मध्ये त्याने अमरकंटकपर्यंतचा सगळा मुलूख पालथा घातला.

त्या काळी काडतुसाच्या रायफली नुकत्याच येत होत्या. बहुतेकांकडे ठासणीचीच बंदूक. तोंडातून दारू भरा, गोळी ठासा, मग नेम धरा. नळीच्या आत वळणदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. लष्करी रायफलीत लांबट गोळी आणि दारू बेताची. लांब पल्ल्याला ते ठीक, पण गोळी हळू जाते आणि तिची वाट कमानीसारखी होते. म्हणजे सावज किती लांब आहे याचा अंदाज बरोबर हवा. सातपुड्याच्या झाडीत तो कोणाला येणार?

मी सहज वहीवर गणित केलं (हवेचा विरोध सोडून). रायफल १०० मीटरला लावली आहे आणि चितळ प्रत्यक्षात १३० मीटरवर आहे. गोळीचा वेग सेकंदाला ३०० मीटर असेल तर ती २१ सेंटिमीटर खाली लागते. वेग ४५० असेल तर फक्त ९ सेंटिमीटर. हरणाचं वर्म म्हणजे खांद्यामागे छातीत असलेलं हृदय आणि फुप्फुसं. ९ सेंटिमीटरची चूक तिथे खपून जाते. २१ ची चूक झाली की पाय मोडतो, आणि ते जनावर तसंच पळत जाऊन कुठल्यातरी नाल्यात तडफडत मरतं.

फोर्साइथने १८६० च्या दशकात शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा उपाय साधा होता : मोठी गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी मंद पीळ. पीळ जास्त असेल तर दारूच्या जोराने शिशाची मऊ गोळी खाचांवरून घसरते, म्हणून १४ बोअरच्या रायफलीला त्याने सुमारे १०४ इंचांत एक फेरा सुचवला. (१४ बोअर म्हणजे एक पौंड शिशात १४ गोळ्या, प्रत्येकी साधारण ३२ ग्रॅम.) अशी गोळी जवळच्या अंतरात जवळजवळ सरळ जाते आणि जखमही मोठी करते. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. गोल गोळीचा वेग हवेत लवकर मरतो, त्यामुळे लांबच्या माऱ्याला ती कुचकामी. पण झाडीत लांबचा मारा हवाय कोणाला?

रावेतहून चाकणच्या कंपन्यांत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलं की भिंतीवर ‘पोका-योके’चे बोर्ड दिसतात. माणूस चुकणारच, म्हणून चूक पोटात घालेल असं काम डिझाइन करा. फोर्साइथने नेमकं तेच केलं. नेमबाजांना नुसता उपदेश करत न बसता त्याने नळीचा पीळ बदलला.

पुढे धातूची काडतुसं आणि बिनधुराची दारू आली, आणि त्याची रायफल मागे पडली. तो स्वतः १ मे १८७१ ला गेला, वय जेमतेम बत्तीस-तेहतीस. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक त्याच वर्षी, त्याच्या मागे प्रसिद्ध झालं.

साहेबांच्या शिकारीने आपली जंगलं ओस पाडली हे खरंच आहे, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण आपण बनवलेली वस्तू चुकली तर कोणालातरी भोगावं लागतं. त्याच्या बाबतीत ते मुकं जनावर होतं. आपण उद्या ब्रेक बनवू, लिफ्ट बनवू. आपल्या २१ सेंटिमीटरच्या चुकीपुढे कोण उभं असेल, याचा विचार ड्रॉइंग शीटवरच झालेला बरा.