सर हॉवर्ड ग्रब : ताऱ्यांचा आणि नेमाचा कारागीर

मनुष्याचा डोळा हे मोठे अद्भुत यंत्र आहे खरे; तथापि त्यासही मर्यादा आहेत. जवळची व दूरची वस्तू एकाच क्षणी त्यास स्पष्ट दिसत नाही. हाताचे बोट डोळ्यांसमोर धरून दूरच्या झाडाकडे पाहावे म्हणजे याची प्रचीती येते. झाड स्पष्ट दिसते तेव्हा बोट अंधुक होते, आणि बोट स्पष्ट झाले की झाड अंधुक होते. पायदळातील शिपायास ही अडचण पिढ्यान् पिढ्या नडत आली. नेम धरताना बंदुकीची मागील खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि दूरचे लक्ष्य या तिन्ही वस्तू त्यास एका रेषेत आणाव्या लागतात. परंतु डोळा त्यांपैकी एकीवरच स्थिरावतो. या अडचणीचे मूळ ज्याने दूर केले, तो पुरुष सेनापती नव्हता. ताऱ्यांसाठी दुर्बिणी घडविणारा तो एक कारागीर होता. त्याचे नाव सर हॉवर्ड ग्रब.

हॉवर्ड यांचा जन्म आयर्लंडमधील डब्लिन शहरी सन १८४४ च्या जुलै महिन्यात झाला. त्यांचे वडील टॉमस ग्रब हे क्वेकर पंथाच्या घराण्यात जन्मले होते. शस्त्र हाती धरू नये अशी या पंथाची शिकवण असते. टॉमस हे बँक ऑफ आयर्लंडचे यंत्रज्ञ असून नोटा छापण्याची व त्यांवर अनुक्रमांक घालण्याची यंत्रे तयार करीत, आणि त्याबरोबरच दुर्बिणीही घडवीत. हॉवर्ड डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकत असता वडिलांकडे मोठे काम आले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरासाठी ४८ इंच व्यासाच्या धातूच्या आरशाची प्रचंड दुर्बीण करावयाची होती. सन १८६५ मध्ये पुत्राने अभ्यास अर्धवट सोडून कारखान्यात पाऊल टाकले. तांबे व कथील यांचा रस ओतून आरसे घडविणे, आणि केसाच्या शतांशाइतकीही चूक राहू नये म्हणून त्यांस घासत बसणे, हेच त्यांचे विद्यापीठ झाले. सन १८६८ मध्ये ही दुर्बीण पूर्ण झाली.

पुढे कारखान्याचा सर्व भार हॉवर्ड यांजवर आला. सन १८७५ मध्ये व्हिएन्नाच्या वेधशाळेने २७ इंची भिंगाच्या दुर्बिणीची मागणी केली. तेवढी मोठी भिंगाची दुर्बीण तोवर जगात कोठेही नव्हती. पॅरिसहून निर्दोष काच मिळण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. परंतु सदोष काच घेऊन काम उरकण्याचा विचार ग्रबांनी केला नाही. सन १८८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि सन १८८७ मध्ये त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. सन १८९३ मध्ये ग्रिनिच येथील वेधशाळेत त्यांची २८ इंची दुर्बीण उभी राहिली.

आपल्या पुण्याचाही या कारखान्याशी संबंध आला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगामवाला तिचे प्रमुख होते. तेथील २० इंची परावर्तक दुर्बीण ग्रबांच्या कारखान्याची होती. सन १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनाल येथे गेली.

आता नेमाच्या गोष्टीकडे वळू. अमेरिकेतील यादवी युद्धात, म्हणजे सन १८६१ ते १८६५ या काळात, काही निवडक नेमबाज बंदुकीवर दुर्बीण बसवून लढले होते. दुर्बिणीमुळे लक्ष्य मोठे दिसे. परंतु दृष्टीचे क्षेत्र फार संकुचित होई. डोळाही एकाच जागी खिळवून ठेवावा लागे, आणि बंदुकीचा धक्का बसला की त्यास इजा होण्याचे भय असे. ग्रबांनी निराळा मार्ग शोधला. दुर्बीण करणारा कारागीर आपली भिंगे तपासताना कृत्रिम ताऱ्याचा उपयोग करतो. भिंगाच्या नाभीशी, म्हणजे जेथे किरण एकवटतात त्या बिंदूशी, एखादी प्रकाशित खूण ठेविली म्हणजे तिचे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात, आणि ती खूण अनंत अंतरावरील ताऱ्यासारखी दिसते. हाच तारा ग्रबांनी बंदुकीवर आणला. तिरपी बसविलेली पारदर्शक काच त्या खुणेचे किरण डोळ्याकडे परावर्तित करी, आणि त्याच काचेतून पलीकडचे लक्ष्यही दिसे. आगगाडीतून जाताना जवळची झाडे मागे पळतात, परंतु चंद्र आपल्याबरोबर चालतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचप्रमाणे शिपायाने डोके थोडे इकडे तिकडे हलविले, तरी खूण लक्ष्यावरून ढळत नाही. डोळ्यास आता एकाच अंतरावर पाहावयाचे असते. सन १९०० मध्ये त्यांनी या युक्तीचे पेटंट घेतले, आणि सन १९०१ मध्ये रॉयल डब्लिन सोसायटीपुढे तिचे विवेचन मांडले. मोठ्या तोफांबरोबर लहान बंदुकांचाही विचार त्यांनी त्यात केला होता.

परंतु जगाने ही युक्ती लगेच उचलली नाही. त्याच सुमारास पाणबुड्या आल्या, आणि पाण्याखालून वरचे पाहण्याच्या पेरिस्कोप नावाच्या नळ्यांकडे ग्रबांचे लक्ष गेले. सन १९१४ चे महायुद्ध सुरू होताच डब्लिनचा कारखाना ब्रिटिश आरमारासाठी याच कामास जुंपला गेला आणि वेधशाळांची कामे मागे पडली. आयर्लंडात अशांतता माजल्यामुळे सरकारने कारखाना इंग्लंडातील सेंट ऑल्बन्स येथे हलविण्याचे ठरविले. सन १९१८ मध्ये युद्ध संपले, आरमाराची मागणी आटली, आणि स्थलांतराने थकलेला कारखाना कर्जात बुडाला. सन १९२५ मध्ये वाफेच्या टर्बाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स यांनी तो विकत घेतला. पार्सन्स यांच्या वडिलांनी एके काळी स्वतः जगातील सर्वांत मोठी दुर्बीण उभारली होती. त्यामुळे ग्रबांची कला योग्य हाती गेली, आणि ‘ग्रब पार्सन्स’ या नावाने ती सन १९८५ पर्यंत जिवंत राहिली. वृद्ध ग्रब डब्लिनला परतले व १६ सप्टेंबर १९३१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, निवर्तले.

त्यांच्या नेमाच्या काचेचे भाग्य मात्र पुढे उजळले. सन १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर तशी साधने दिसू लागली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात ती विमानांवर सर्वत्र रूढ झाली. पायदळाच्या बंदुकीवर टिकेल असा लहानसा दिवा व विद्युत्घट मिळण्यास आणखी काळ लोटला. सन १९७५ मध्ये स्वीडनमधील एम्पॉइंट या कंपनीने तांबड्या ठिपक्याचे विजेवर चालणारे साधन बाजारात आणले. आज अनेक देशांच्या शिपायांच्या बंदुकांवर जो तांबडा ठिपका चमकतो, तो तत्त्वतः ग्रबांचाच कृत्रिम तारा आहे.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्या ज्ञानाने ग्रबांनी माणसास तारे दाखविले, त्याच ज्ञानाने त्यांनी माणसास माणसावर नेम धरावयास शिकविले. प्रकाशाचा नियम दोन्हीकडे एकच आहे. शत्रू कोण आणि मित्र कोण हे काच जाणत नाही. काच निर्दोष करणे हे कारागिराचे कर्तव्य असते, आणि ते ग्रबांनी आयुष्यभर निष्ठेने केले. परंतु त्या काचेतून कशाकडे पाहावयाचे याचा निर्णय काच घासून होत नसतो. तो पाहणाऱ्याने स्वतःच करावयाचा असतो, आणि त्यासाठी निराळे शिक्षण लागते. विद्या संपादन करताना हे दुसरे शिक्षण मागे पडू न देणे हे विद्यार्थी व पालक या दोघांचेही काम आहे.