गोळीची परीक्षा घेणारा कॅप्टन

अंकासाठी एखादे चरित्र लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा थोर पुरुषांची नेहमीची नावे डोळ्यांपुढून सरकून गेली. त्यांच्यावर लिहिणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मी पदार्थविज्ञानाचा माणूस, आणि मूळचा इंदूरचा. नोकरीच्या निमित्ताने सीमाभागात आलो, आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कानडी मुलांना गती आणि गुरुत्वाकर्षण शिकवीत केस पांढरे केले आणि निवृत्त होऊन पुन्हा इंदूरला येऊन राहिलो. म्हणून जरा वेगळ्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव कॅप्टन जेम्स फॉरसिथ. पचमढीला सहलीला गेलेल्यांनी हे नाव ऐकले असेल. तिथल्या आजच्या प्रियदर्शिनी पॉइंटचे जुने नाव फॉरसिथ पॉइंट असे होते.

पण माझी त्याच्याशी ओळख झाली ती पचमढीमुळे नव्हे, तर एका रानडुकरामुळे.

इंदूरहून खंडव्याकडे जाणारा रस्ता सिमरोळ, चोरळ करीत विंध्य उतरतो, बडवाहच्या पुढे नर्मदा ओलांडतो आणि सनावदला पोहोचतो. हा निमाड. सनावदजवळ माझ्या आजोबांची शेती होती. भुईमूग भरात आला की रानडुकरांचे कळप रात्रीचे उतरत आणि सकाळी शेत नांगरल्यासारखे दिसे. आजोबांजवळ एक ठासणीची बंदूक होती. दारू मुठीच्या अंदाजाने, गोळी घरी ओतलेली, आणि नेम देवाच्या भरवशावर. साठीच्या दशकातील गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एका रात्री आजोबांनी माळ्यावरून गोळी झाडली. डुक्कर पडले नाही. ते लंगडत नाल्यात गेले आणि पहाटेपर्यंत त्याचे कण्हणे ऐकू येत राहिले. सकाळी माग काढला, तर रक्त मिळाले, जनावर मिळाले नाही. आजोबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. नंतर ती बंदूक खुंटीवर गेली ती कायमची. पीक वाचवण्याचा त्यांचा हक्क होता, यात शंका नाही. पण आपण न तपासलेल्या गोळीने एका जिवाला रात्रभर मारीत ठेवले, ही बोच त्यांना लागून राहिली होती.

पुढे इंदूरला कॉलेजात असताना एन.सी.सी.त आम्हाला पॉइंट टू टू रायफल मिळाली. पंचवीस वारांवर कागदी निशाण, पाच गोळ्या. माझ्या पाचही गोळ्या मध्यबिंदूपासून दूर, डाव्या कोपऱ्यात लागल्या. मी खट्टू झालो. शेजारच्याच्या गोळ्या मध्याभोवती चहूकडे पसरल्या होत्या, तो खूश होता. उस्तादांनी मात्र शाबासकी मला दिली. माझ्या पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जात होत्या. त्यांचे म्हणणे असे की, एकाच जागी चुकणारी रायफल माशी सरकवून सुधारता येते, दर वेळी वेगळीकडे चुकणारीला इलाज नाही. मोजमापातील सुसंगती आणि अचूकता यांतला फरक मी पुढे वर्गात अनेकदा शिकवला, पण शिकलो तो त्या दिवशी, मातीवर पालथा पडून.

हा विषय डोक्यात असतानाच ग्रंथालयात फॉरसिथचे मध्य भारताच्या डोंगरांवरील पुस्तक हाती आले, आणि त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला असल्याचे कळले. माझ्या आजोबांच्या दुःखावर शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी विचार करून ठेवला होता!

फॉरसिथचा जन्म १८३८ चा. बंगाल स्टाफ कोअरचा हा तरुण अधिकारी १८६१ साली नव्याने स्थापन झालेल्या मध्य प्रांतात आला. सर रिचर्ड टेंपल हे तेथील चीफ कमिशनर. त्यांनी १८६२ च्या आरंभी त्याला सातपुड्यात पचमढीच्या पठाराकडे पाठवले. तिथे त्याने वनखात्यासाठी एक बंगला उभारला, तो बायसन लॉज या नावाने आजही दाखवला जातो. पचमढी फॉरसिथने शोधली असे म्हणण्याचा प्रघात आहे, तो मला पटत नाही. कोरकू आणि गोंड लोक तिथे पिढ्यानपिढ्या नांदत होते, महादेवाची यात्रा भरत होती. फॉरसिथ तिथे पोहोचला तो त्यांच्याच पायवाटांनी, आणि त्याच्या शिकारीही त्यांच्याच माग काढण्याच्या कसबावर झाल्या. १८६२ ते १८६४ या काळात तो जबलपूरहून अमरकंटकपर्यंत हिंडला. काही काळ त्याने वनसंरक्षकाचे काम पाहिले. पुढे तो निमाडचा सेटलमेंट ऑफिसर व डेप्युटी कमिशनर झाला. निमाडचा एक भाग होळकरांचा आणि खंडव्याकडचा भाग इंग्रजांचा. या दुसऱ्या भागातील जमीन मोजून तिचा सारा ठरवण्याचे किचकट काम त्याने केले आणि त्याचा अहवाल लिहिला. म्हणजे मोजणी हा त्याचा पेशाच होता. दिवसा शेते मोजणारा हा माणूस गोळीचा मार्गही तितक्याच काटेकोरपणे मोजू पाहत होता.

आता त्याचा प्रश्न समजून घेऊ. गणिताला भिण्याचे कारण नाही. बंदुकीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. तिला निशाणापर्यंत जायला पाव सेकंद लागला तर ती सुमारे १ फूट खाली येते, अर्धा सेकंद लागला तर ४ फूट. वेळ दुप्पट, घसरण चौपट. जनावर किती अंतरावर आहे हे नक्की ठाऊक असेल तर माशी तेवढी वर धरून भागते. पण जंगलात अंतर कोण मोजणार? मध्ये नाला असला की शंभर वार दीडशे वाटतात, संध्याकाळच्या उजेडातही अंदाज चुकतो.

एक हिशेब मांडून पाहा. हवेचा विरोध तूर्त सोडून देऊ. रायफल १०० वारांना लावलेली आहे, जनावर प्रत्यक्षात १५० वारांवर आहे. गोळीचा वेग सेकंदाला ९०० फूट असेल तर ती नेमाच्या १६ इंच खाली लागेल. छातीवर धरलेला नेम पायात किंवा पोटाखाली गेला. तोच वेग १३५० फूट केला तर चूक ७ इंचांवर येते. मोठ्या जनावराच्या बाबतीत ती अजून छातीतच राहते. शिकाऱ्याचा अंदाज दोन्ही वेळा तेवढाच चुकला, पण दुसऱ्या वेळी गोळीने ती चूक पोटात घातली.

मग दारू वाढवून वेग का वाढवत नव्हते? अडचण रायफलच्या नळीत होती. नळीच्या आत पेच घेत जाणाऱ्या खाचा असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. त्या काळच्या बहुतेक शिकारी रायफलींचे पेच फार तीव्र होते. शिशाच्या गोल गोळीमागे दारू जास्त घातली की गोळी पेच धरीनाशी होई आणि खाचा सोडून सरळ घसरत बाहेर पडे. मग नेमाची आशाच नको. म्हणून लोक दारू कमी घालीत, आणि गोळी मंद जाई. फॉरसिथचे म्हणणे असे होते की, गोल गोळी मुळात कोलमडणारी नसते, तिला थोडी फिरकी पुरते. सबब पेच मंद करा, खाचा उथळ करा आणि दारू भरपूर घाला. १४ बोअरच्या, म्हणजे एका पौंड शिशात १४ गोळ्या होतील एवढ्या नळीसाठी, त्याने १०४ इंचांत एक फेरा हे प्रमाण मांडले. सव्वादोन फुटी नळीतून बाहेर पडेपर्यंत सुमारे ३२ ग्रॅमच्या त्या गोळीचा जेमतेम पाव फेरा व्हायचा. तुलनेसाठी सांगतो, १८५७ च्या काळातील फौजी एनफील्ड रायफलचा पेच ७८ इंचांत एक फेरा असा होता, आणि तिची गोळी लांबट होती.

लांब पल्ल्याला निमुळती गोळीच श्रेष्ठ, हे फॉरसिथला मान्य होते. पण जंगलातील शिकार दूरची नसते. सुमारे १५० वारांच्या आत अंतराचा फारसा विचार न करता सरळ नेम धरता आला पाहिजे, ही त्याची कसोटी होती. निशाणबाजीच्या मैदानावर बक्षीस मिळवणारी रायफल वेगळी आणि रानात जनावर चटकन, यातनेविना पाडणारी रायफल वेगळी, हा भेद त्याने नेमका ओळखला. अर्थात त्याचे उत्तर फार दिवस टिकले नाही. मागून भरायच्या बंदुका आल्या, एक्सप्रेस रायफली आल्या, आणि गोल गोळी दहा-पंधरा वर्षांत मागे पडली. पण प्रश्न टिकला. माणूस चुकणारच, हे धरून चालायचे आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याला कमीत कमी मोजावी लागेल असे साधन आधीच तपासून ठेवायचे, हा विचार जुना झालेला नाही.

या माणसाला मी देव्हाऱ्यात बसवीत नाही. वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, त्या काळाचा तो प्रतिनिधी होता. गवा, सांबर, वाघ त्याने हौसेने मारले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग आणि साल यांची बेसुमार तोड झाली, तिची खंत त्याने लिहून ठेवली. पण अचूक रायफली हातोहात झाल्या की रानात काय उरेल, हा हिशेब त्या पिढीने वेळेवर मांडला नाही. एका गोळीची परीक्षा झाली, सगळ्या गोळ्यांच्या बेरजेची झाली नाही. ती बेरीज पुढच्या पिढ्यांना दिसली, आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा करावा लागला. फॉरसिथ ज्या डोंगरांत रायफल घेऊन फिरला, तिथे आज सातपुडा व्याघ्र प्रकल्प आहे.

मार्च १८७० मध्ये खंडव्यावरून जबलपूरची रेल्वे जोडली गेली. नंतर होळकरांच्या कर्जातून खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला आणि निमाडचे रान जगाला जवळ आले. ते पाहायला फॉरसिथ उरला नाही. १ मे १८७१ रोजी तो वारला. वय अवघे तेहेतीसच्या आतबाहेर. त्याचे सातपुड्यावरील पुस्तक त्याच वर्षी त्याच्यामागे प्रसिद्ध झाले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे कधी रायफल हातात धरतील. पण कोणी पूल बांधाल, कोणी औषधाची मात्रा ठरवाल, कोणी परीक्षेचे पेपर तपासाल. प्रत्येक ठिकाणी तुमचा अंदाज केव्हा तरी चुकेल आणि त्याचे फळ समोरचा भोगील. म्हणून हातातले साधन आधी कागदावर तपासा, जिवंत माणसावर नको.

आजोबांची ती बंदूक आम्ही पुढे रीतसर सरकारजमा केली. खुंटी अजून तिथेच आहे. सनावदच्या शेतात आजही रानडुकरे येतात, माझे मामेभाऊ रात्री राखणीला बसतात, पत्र्याचे डबे वाजवतात. सुट्टीत गेलो की मीही त्यांच्याबरोबर माळ्यावर बसतो. नाल्याकडून कळपाची चाहूल लागली की नकळत मी अंतराचा अंदाज करू लागतो. सकाळी पावलांनी मोजून पाहतो. तो अजून एकदाही बरोबर आलेला नाही.