चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (जन्म : २९ ऑगस्ट १८७६, लाउडनव्हिलजवळ, ओहायो, मृत्यू : नोव्हेंबर १९५८, डेटन, ओहायो) हे अमेरिकन अभियंता व संशोधक होते. मोटारीचे इंजिन विजेवर सुरू करणारा व्यवहार्य स्टार्टर ही त्यांची सर्वाधिक परिचित निर्मिती होय. मराठीत रूढ झालेला 'सेल्फ' हा शब्द याच 'सेल्फ स्टार्टर'चे संक्षिप्त रूप आहे.

प्रारंभिक जीवन

केटरिंग यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. काही काळ त्यांनी ग्रामीण शाळेत अध्यापन केले. अधू दृष्टीमुळे विद्यापीठीय शिक्षण मध्येच सोडावे लागले, तेव्हा त्यांनी दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. पुढे शिक्षण पूर्ण करून १९०४ मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठातून पदवीधर झाले. त्यानंतर डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी दुकानातील गल्लायंत्राला विजेची मोटार जोडली. त्यामुळे ते यंत्र हाताने फिरविण्याची गरज उरली नाही.

स्टार्टरचा शोध

त्या काळी मोटारीचे इंजिन पुढून हँडल मारून सुरू करीत. ठिणगी वेळेआधी पडल्यास हँडल उलटे फिरे आणि मनगट किंवा हात मोडे. म्हणून जाणते चालक अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल खालून वर ओढीत. मोटारनिर्माते बायरन कार्टर यांना एका बंद पडलेल्या गाडीचे हँडल मारताना जबर इजा झाली व त्यातून त्यांचा मृत्यू ओढवला, त्यामुळे कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड व्यथित झाले, अशी कथा सांगितली जाते.

केटरिंग यांनी १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह 'डेल्को' ही संस्था स्थापन केली होती. डीड्स यांच्या घरामागील कोठारात त्यांचे सहकारी काम करीत. इंजिन फिरविण्यास पुरेशी विद्युत मोटार फार अवजड होईल, असा तज्ज्ञांचा समज होता. गल्लायंत्राच्या अनुभवावरून केटरिंग यांनी तो खोटा ठरविला : मोटार क्षणभरच चालवायची असल्याने लहान मोटारीवरही तेवढ्यापुरता मोठा भार टाकता येतो. इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटार जनित्र बनून बॅटरी भरीत असे. १९११ मध्ये ही योजना सिद्ध झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसविण्यात आली. शारीरिक बळाची अट दूर झाल्याने स्त्रिया व वृद्ध यांनाही मोटार चालविणे सुकर झाले.

स्टार्टर निकामी झाल्यास

या सोयीबरोबर बॅटरीवरील अवलंबन आले. त्यामुळे जुने उपाय दीर्घकाळ टिकून राहिले. भारतातील अँबेसेडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनाही हँडल लावण्याची सोय होती. हँडल नसल्यास गाडीला धक्का देतात : चावी फिरवून, क्लच दाबून दुसरा गिअर टाकतात आणि गाडीने वेग घेताच क्लच सोडतात. चाके इंजिनाला फिरवितात व ते सुरू होते. जुन्नर–लेण्याद्री परिसरासारख्या चढउताराच्या मुलखात उतारावर उभी केलेली गाडी धक्का देणाऱ्यांवाचूनही अशी सुरू करता येते. स्वयंचलित गिअरच्या बहुतेक गाड्यांत मात्र हा उपाय चालत नाही. बॅटरी पूर्ण उतरली असल्यास ठिणगीही पडत नाही, मग धक्का व्यर्थ ठरतो.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

१९२० ते १९४७ या काळात केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. रेल्वेसाठी हलक्या डिझेल इंजिनांच्या विकासात त्यांचा मोठा वाटा आहे. १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांचे नाव न्यू यॉर्कमधील कर्करोग संशोधन संस्थेला देण्यात आले.

त्यांच्या कार्याला काळी बाजूही आहे. त्यांच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती शोधली. त्या उत्पादनात कामगारांचे बळी गेले, तरीही केटरिंग यांनी तिचा पुरस्कार केला. भारतात शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. हँडलच्या आघातातून असंख्य हात वाचविणाऱ्या या संशोधकाच्या दुसऱ्या कामाची किंमत अशा रीतीने जगाने अनेक दशके मोजली.