डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन

प्रसूतीच्या वेणा देवाने लावून दिल्या आहेत, त्या औषधाने शमविणे पाप होय, असे बोलणे अजूनही मधूनमधून कानी पडते. बोलणारे बहुधा पुरुष असतात. ह्या आक्षेपास ज्यांनी शास्त्राधारेच उत्तर दिले, त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

सिम्प्सन ह्यांचा जन्म ता. ७ जून १८११ रोजी स्कॉटलंडातील बाथगेट गावी एका पाव भाजणाऱ्याच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते एडिंबरोच्या विद्यापीठात गेले. त्या काळी रोगी शुद्धीवर असतानाच शस्त्र चालवीत. एका स्त्रीच्या स्तनावरील तसा शस्त्रप्रयोग पाहून ते इतके व्याकूळ झाले की, वैद्यक सोडून वकिली करावी असे त्यांच्या मनात आले. परंतु ते परतले, आणि १८४० साली तेथेच प्रसूतिशास्त्राचे अध्यापक झाले.

१८४७ च्या जानेवारीत त्यांनी एका बाळंतिणीस ईथर हुंगविले. त्याहून सोईचे औषध हवे म्हणून ता. ४ नोव्हेंबरच्या रात्री ते व त्यांचे दोन डॉक्टर मित्र घरी जेवणाच्या मेजाशी क्लोरोफॉर्म हुंगीत बसले, आणि थोड्याच वेळात तिघेही बेशुद्ध होऊन पडले! चार दिवसांनी ते औषध प्रसूतीत वापरले गेले.

मग उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन आक्षेप निघाले. सिम्प्सन ह्यांनी डिसेंबरात पुस्तिका छापून दाखविले की, स्त्रीच्या क्लेशाविषयी आलेला इब्री शब्द पुरुषाच्या कष्टाविषयीही आला आहे. स्त्रीचे क्लेश हलके करणे पाप असेल, तर शेतकऱ्याने काटे उपटणे व जनावरांकडून नांगर ओढविणे हेही पापच ठरेल. आदामाची फासळी काढताना देवाने त्यास गाढ निद्रा आणली, हाही दाखला त्यांनी दिला. तो आम्हांस तितका बळकट वाटत नाही. कारण ती निद्रा पापाच्या प्रवेशापूर्वीची होती.

त्यांच्या हातून एक चूक झाली, ती आम्ही झाकीत नाही. १८४८ च्या जानेवारीत पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची मुलगी दगावली. दोष औषधाचा नव्हे, असे त्यांनी प्रतिपादिले. परंतु ते एकाएकी हृदय बंद पाडू शकते, हे पुढे सिद्ध झाले. आता प्रसूतीत, आणि नंतर टाके दुखतात तेव्हाही, त्याहून निर्धोक औषधे देतात.

१८५३ साली व्हिक्टोरिया राणीने डॉक्टर जॉन स्नो ह्यांच्या हातून प्रसूतिसमयी क्लोरोफॉर्म घेतल्यावर विरोध पुष्कळ ओसरला. सिम्प्सन ता. ६ मे १८७० रोजी वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांस जागा देऊ केली होती. पण कुटुंबाने त्यांस एडिंबरोच्या वॉरिस्टन स्मशानभूमीत, त्यांच्या आधी गेलेल्या लेकरांजवळ, पुरले.